मुरगळला म्हणून सोडून दिलेला पाय: पावलातला सांधा निखळतो तेव्हा

पाय मुरगळला की आपण सगळे घोट्याकडे बघतो. घोटा सुजलाय का, पाय वर-खाली होतोय का, एवढं पाहिलं की आंबेहळद-तुरटीचा लेप, वरून क्रेप बँडेज आणि चार दिवस आराम. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं, कारण बहुतेक वेळा दुखावलेला असतो तो घोटाच. पण कधी कधी घोटा शाबूत असतो आणि त्याच्या चार बोटं पुढे, पावलाच्या मधोमध, हाडं एकमेकांपासून सुटलेली असतात. वरून दिसते ती फक्त सूज. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेतही काही दिसेलच असं नाही. या दुखापतीला लिसफ्रँक इंज्युरी म्हणतात. पहिल्या तपासणीत साधारण पाचांतली एक निसटते, असं ऑर्थोपेडिकची पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही. ऑपरेशन झालेले पाय दीड-दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात, आणि ज्यांचं ऑपरेशन व्हायला हवं होतं पण झालं नाही असेही येतात. दोघांमधला फरक रोज बघते, म्हणून हे सगळं नीट, सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी पावलाची रचना. एका पावलात २६ हाडं असतात. मागे टाच आणि घोट्याखालचं हाड. त्यांच्या पुढे मधल्या भागात लहान, ठोकळ्यासारखी हाडं. त्यांतली आतल्या बाजूची तीन म्हणजे क्युनिफॉर्म आणि बाहेरच्या बाजूचं एक क्युबॉइड. या चारांच्या पुढे पाच लांब हाडं, म्हणजे मेटाटार्सल, आणि त्यांच्या टोकांना बोटं. ठोकळे आणि लांब हाडं जिथे भेटतात तिथे पावलाच्या आडव्या रुंदीभर सांध्यांची एक रांग तयार होते. बूट घातला तर लेस बांधतो त्याच्या साधारण खाली ही रांग येते. चवड्यावर उभं राहताना, जिना चढताना, बस पकडायला धावताना शरीराचं सगळं वजन या रांगेवरून चवड्याकडे जातं.

ही हाडं सपाट मांडलेली नाहीत. आडवा छेद घेतला तर ती कमानीत बसलेली दिसतात. जुन्या वाड्याच्या दगडी कमानीत माथ्यावरचा पाचरीसारखा दगड बाकी सगळ्यांना जागेवर धरतो. पावलाच्या कमानीत ते काम दुसऱ्या मेटाटार्सलचं, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटामागच्या हाडाचं आहे. त्याचं मूळ शेजाऱ्यांपेक्षा थोडं मागे सरकून पहिल्या आणि तिसऱ्या क्युनिफॉर्मच्या मधल्या खाचेत घट्ट बसलेलं असतं.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या ते पाचव्या मेटाटार्सलची मुळं एकमेकांना लिगामेंटने, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांनी, बांधलेली असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मुळांमध्ये असा थेट बंध नसतोच. त्याऐवजी एक जाड, तिरका बंध पहिल्या क्युनिफॉर्मपासून निघतो आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मुळाला जाऊन चिकटतो. हाच लिसफ्रँक लिगामेंट. पावलाचा आतला खांब आणि बाकीचं पाऊल यांना जोडणारा मुख्य बंध हाच. तो तुटला, किंवा हाडाचा टवका घेऊन सुटला, की अंगठ्याची बाजू एकीकडे आणि उरलेली चार बोटं दुसरीकडे सरकायला मोकळी होतात. तळव्याच्या बाजूचे बंध मजबूत असतात आणि वरचे तुलनेने नाजूक, त्यामुळे निखळलेली हाडं बहुधा वरच्या दिशेने उचलली जातात.

लिसफ्रँक हे नाव झाक लिसफ्रँक या फ्रेंच सर्जनचं. नेपोलियनच्या काळातला माणूस. त्याने १८१५ मध्ये मांडली ती निखळलेला सांधा बसवण्याची पद्धत नव्हे. पावलाचा पुढचा भाग याच सांध्यांच्या रेषेतून कापून काढण्याची पद्धत होती. तेव्हा भूल नव्हती. हाड करवतण्यापेक्षा सांध्यांमधून सुरी फिरवली की काम झटकन उरके, आणि रुग्णाच्या यातना तेवढ्याच कमी होत. रिकिबीत पाय अडकून घोड्यावरून पडलेले सैनिक, चिरडलेली आणि सडत चाललेली पावलं, असा तो काळ. आज त्याच रेषेवर सर्जन उलट खटपट करतात: मिलिमीटर-मिलिमीटर जुळवून पाऊल होतं तसं परत उभं करायचं.

आता घोडे गेले, दुचाकी आल्या. रस्त्यावरचे अपघात हे या दुखापतीचं मोठं कारण. बाइक आडवी होते आणि पाऊल तिच्याखाली पिळवटतं, किंवा गाडीची समोरासमोर धडक होते तेव्हा ब्रेकवर दाबलेल्या पावलावर सगळा जोर येतो. गॅसचा सिलिंडर, फरशीचा गठ्ठा, लोखंडी पट्टी पावलावर पडणं हे आणखी एक. पण निम्मा घोटाळा होतो तो साध्या प्रसंगांत. चवडा जमिनीवर टेकलेला, टाच वर उचललेली, आणि त्या स्थितीत शरीराचं वजन पुढे कोसळतं. जिन्याची शेवटची पायरी चुकते, खड्ड्यात चवडा अडकतो, फुटबॉल खेळताना कुणीतरी टाचेवर पडतं. अशा वेळी माणूस म्हणतो, “काही विशेष नाही, जरा पाय मुरगळला.” मोठ्या अपघातातला पाय निदान कुणीतरी गांभीर्याने तपासतं. हा तपासला जात नाही.

एका बाईंचं उदाहरण सांगते. अंधारात जिन्याची खालची पायरी चुकली, पाय दुमडला. घरच्यांनी लेप लावला, शेजारच्या गावातल्या हाडवैद्यांकडून चोळून आणलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आठवडा होत आला होता, आणि त्या फक्त टाचेवर चालत होत्या. चवडा टेकवायची हिंमत नव्हती. घोट्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं तर काहीच दुखेना. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या रेषेत मागे येत मध्यावर बोट टेकवलं मात्र, आणि त्यांनी पाय ओढून घेतला. मग पाऊल उचलून तळवा पाहिला. तळव्याच्या पोकळीत निळा-जांभळा डाग पसरलेला होता. जोडव्यांभोवती बोटं इतकी सुजली होती की ती साबण लावूनही निघेनात, कापावी लागली. मी व्यायाम वगैरे काही सुरू केला नाही, सरळ ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं.

तळव्यावरचा हा डाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. घोटा मुरगळल्यावर काळंनिळं होतं ते घोट्याच्या आजूबाजूला आणि पावलाच्या कडेला. रक्त तळव्याच्या मधोमध उतरलेलं दिसलं तर आत खोलवरचे बंध तुटल्याची शंका घ्यायलाच हवी. सोबत चवड्यावर वजन टाकता येत नसेल आणि दुखणं घोट्यात नसून पावलाच्या मध्यात असेल, तर चोळणं ताबडतोब थांबवा. बंध तुटलेल्या सांध्याला चोळून काहीही जागेवर बसत नाही, उलट सरकायचं ते आणखी सरकतं. पाऊल सुजायला लागलं की जोडवी आणि पैंजण पहिल्या तासाभरातच काढून ठेवा, नंतर अवघड होतं.

एक्स-रे काढला आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तरी विषय संपत नाही. एक्स-रे बहुधा झोपवून काढतात. झोपलेल्या माणसाच्या पावलावर वजन नसतं, त्यामुळे सुटलेली हाडं आपापल्या जागी परत येऊन शहाण्यासारखी बसलेली दिसू शकतात. म्हणून उभं राहून, वजन टाकून, दोन्ही पावलांचा एक्स-रे एकत्र काढायला हवा. चांगलं पाऊल शेजारी असलं की फरक लगेच कळतो. डॉक्टर त्यात रेषा बघतात: दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी सरळ रेषेत आहे का, आणि तिरक्या एक्स-रेत चौथ्या मेटाटार्सलची कड क्युबॉइडच्या कडेशी जुळते का. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधली फट दुसऱ्या पायापेक्षा २ मिलिमीटरहून जास्त असेल तर सांधा अस्थिर मानतात. त्या फटीत हाडाची एखादी बारीक टिकली दिसली तर लिगामेंट हाडाचा टवका घेऊन उखडला आहे. दुखण्यामुळे पहिल्या दिवशी उभंच राहता येत नसेल तर पायाला स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, लावून आठ-दहा दिवसांनी परत एक्स-रे काढतात. हाडांचे तुकडे किती आणि कुठे झालेत हे कळायला सीटी स्कॅन लागतो. नुसता लिगामेंट ताणलाय की तुटलाय अशी शंका असेल तर एमआरआय.

प्रत्येक लिसफ्रँक दुखापतीला ऑपरेशन लागत नाही, हेही सांगायला हवं. बंध ताणला गेलाय पण उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हाडं तसूभरही हलली नाहीत, अशा पायाला प्लास्टर किंवा प्लास्टरसारखा कडक बूट घालून सहा आठवडे वजन न टाकता ठेवतात, मधे पुन्हा एक्स-रे काढून खात्री करतात, आणि तो बरा होतो. हाडं सरकली असतील तर मात्र प्लास्टरवर भिस्त ठेवून चालत नाही. प्लास्टर पावलाला बाहेरून धरतं. आतली हाडं सूज उतरली की त्या पोकळीत परत घसरतात.

ऑपरेशन कधी, याचं उत्तर ऐकून नातेवाईक बऱ्याचदा अस्वस्थ होतात. सर्जन म्हणतात, आठ-दहा दिवस थांबू. घरच्यांना वाटतं टाळाटाळ चाललीय. पण पावलाच्या वरची कातडी फार पातळ असते आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते. सूज असताना तिथे चिरा दिला तर टाके घालायला कडा जुळत नाहीत, जुळवल्या तर काळ्या पडतात आणि जखम उघडते. म्हणून पाय उशांवर उंच ठेवून वाट बघतात. कातडीवर परत बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की वेळ झाली. याला एक ते दोन आठवडे लागतात.

काही पाय मात्र तासाभराचीही वाट बघू शकत नाहीत. सांधा पूर्ण निखळून हाड आतून कातडीला टोचत असेल आणि कातडी पांढरी पडत असेल, बोटं गार पडत असतील, जखम उघडी असेल, तर त्याच रात्री भूल देऊन हाडं निदान अंदाजे जागेवर आणावी लागतात. मग तात्पुरत्या वायर किंवा बाहेरची लोखंडी फ्रेम लावून ठेवतात आणि पक्कं ऑपरेशन सूज उतरल्यावर. आणखी एक धोका घरच्यांनी ओळखायला हवा. पावलातले स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव आणि सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा बंद होतो. इंजेक्शन देऊनही न थांबणारं, वाढतच जाणारं दुखणं, आणि बोटं नुसती हलवून बघितली तरी येणारी कळ ही त्याची खूण. अशा वेळी सकाळची वाट न बघता डॉक्टरांना उठवायचं.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. बहुतेक वेळा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतात. मांडीला पट्टा आवळून पायातलं रक्त तात्पुरतं थांबवतात, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. गुडघा वाकवून तळवा टेबलावर सपाट ठेवतात, आणि शेजारी सी-आर्म नावाचं एक्स-रेचं यंत्र असतं, ज्यात सर्जनला प्रत्येक टप्पा पडद्यावर दिसतो.

चिरा पावलाच्या वरच्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मधून, उभा. इथेच पावलाची मुख्य धमनी जाते, तीच जिची नाडी डॉक्टर पावलावर बोट ठेवून बघतात, आणि तिच्यासोबत एक नस, रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी. दोघींना हलकेच बाजूला करून सांध्यापर्यंत जावं लागतं. त्या नसेला थोडा जरी ताण बसला तरी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात काही महिने बधिरपणा राहतो, कधी कायमचा. पुष्कळ रुग्ण त्याने घाबरतात, पण चालण्यात त्याने काही अडत नाही. बाहेरच्या बाजूचे सांधेही निखळले असतील तर दुसरा चिरा चौथ्या मेटाटार्सलच्या जवळपास देतात. दोन चिऱ्यांमध्ये कातडीचा रुंद पट्टा राखावा लागतो, नाहीतर मधली कातडी उपाशी राहते.

सांधा उघडल्यावर आत फाटलेल्या लिगामेंटचे धागे, हाडाच्या कण्या, कूर्चेचे (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराचे) तुकडे असतात. ते साफ केल्याशिवाय हाडं जुळत नाहीत. कधी कधी नडगीवरून येणारा एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, निखळलेल्या हाडांच्या मधे जाऊन अडकलेला असतो. बाहेरून कितीही ओढा, सांधा बसत नाही, आणि उघडल्यावर त्याचं कारण समोर दिसतं.

मग जुळवणी. आतल्या बाजूने सुरुवात. पहिला सांधा सरळ करतात. त्यानंतर टोकदार चिमट्याचं एक टोक पहिल्या क्युनिफॉर्मवर, दुसरं दुसऱ्या मेटाटार्सलच्या मुळावर ठेवून फट आवळून बंद करतात. आधी बारीक वायर घालून सी-आर्मवर बघतात, मनासारखं जुळलं नसेल तर काढून परत. जुळलं की तुटलेला लिगामेंट ज्या तिरक्या रेषेत होता त्याच रेषेत, क्युनिफॉर्ममधून मेटाटार्सलमध्ये, एक स्क्रू जातो. पहिल्या तीन सांध्यांना गरजेप्रमाणे स्क्रू किंवा प्लेटा. चौथा आणि पाचवा सांधा वेगळा. खडबडीत जमिनीवर पाऊल जुळवून घेतं ते या दोघांच्या हालचालीवर, म्हणून त्यांना कायमचं आवळायचं नाही. बाहेरून वायर घालतात आणि सहा आठवड्यांच्या आसपास ओपीडीतच ओढून काढतात.

सगळ्यात महत्त्वाचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जुळणी. स्क्रू कुठल्या कंपनीचा, देशी की परदेशी, टायटॅनियम की स्टील, यावर नातेवाईक तासभर चर्चा करतात. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ४८ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. त्यातल्या १२ जणांना पुढे त्या सांध्यांत संधिवात झाला, आणि ज्यांची हाडं तंतोतंत जुळली नव्हती त्यांच्यात तो जास्त होता. म्हणून सर्जन निवडताना पावलाच्या दुखापतींचं काम ते नेहमी करतात का, हे विचारायला संकोच करू नका.

स्क्रू की प्लेट की सांधा कायमचा जोडून टाकणं, यावर सर्जन मंडळींतही एकमत नाही. सांध्यातून आरपार जाणारा स्क्रू घट्ट धरतो, पण जाताना कूर्चेला भोक पाडतो. सांध्याच्या वरून पुलासारखी टाकलेली प्लेट कूर्चेला हात लावत नाही, पण तिला चिरा मोठा लागतो. हल्ली काही ठिकाणी स्क्रूऐवजी मजबूत दोरा आणि त्याच्या दोन टोकांना धातूची बटणं वापरतात. ती सहसा काढावी लागत नाहीत आणि सांध्याला किंचित हालचाल मिळते.

तिसरा रस्ता म्हणजे फ्यूजन. सांध्यातली कूर्चा खरवडून काढायची, हाडाला हाड टेकवायचं, स्क्रूने आवळायचं, म्हणजे दोन्ही हाडं मिळून एक होतात. हे ऐकून रुग्ण बिचकतो: सांधा जाम झाला तर चालणार कसं? पण पहिले तीन सांधे मुळात फारच थोडे हलतात. त्यांचं काम वजन पुढे पोचवण्याचं आहे, त्यामुळे ते जोडले गेले तरी चालीत फारसा फरक जाणवत नाही. शिवाय हाड हाडाला छान जुळतं, तुटलेला लिगामेंट मात्र पूर्वीइतका घट्ट जुळेल याची खात्री नसते. म्हणून हाड न मोडता फक्त लिगामेंट तुटले असतील तर सुरुवातीलाच फ्यूजन करावं, असं अनेक सर्जन मानतात. २००६ मधल्या अमेरिकेतल्या ४१ रुग्णांच्या अभ्यासात अशा दुखापतीत फ्यूजनचे निकाल सरस आले. २००९ मधल्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही गट चालण्या-फिरण्यात सारखेच निघाले, मात्र नुसते स्क्रू लावलेल्यांना ते काढायला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागलं. दुखापत जुनी असेल, महिना-दीड महिना उलटून गेला असेल, किंवा कूर्चेचा भुगाच झाला असेल, तर फ्यूजनकडेच कल असतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये मात्र ते टाळतात.

मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी होते. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की पावलातल्या नसा मरतात आणि दुखणं कळत नाही. मग एक दिवस काही विशेष न घडता पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं दिसतं, आणि एक्स-रेत हेच सांधे विस्कटलेले असतात. याला शारको फूट म्हणतात. घरच्यांना वाटतं जंतुसंसर्ग झाला, आणि अँटिबायोटिक सुरू होतं. इथे स्क्रू लावायची घाई केली तर मऊ झालेल्या हाडात ते टिकत नाहीत. आधी पाऊल पूर्ण प्लास्टरमध्ये ठेवून वजन बंद करतात, गरमपणा उतरेपर्यंत काही महिने, आणि ऑपरेशनचा विचार बहुधा त्यानंतर. मधुमेह असलेल्या माणसाचं न दुखणारं सुजलं पाऊल हे दुखणाऱ्या पावलापेक्षा जास्त काळजीचं. त्याच दिवशी दाखवा.

तंबाखूचंही इथेच सांगते. सिगारेट असो, गुटखा असो की सकाळची मशेरी, निकोटीन रक्तात जातंच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, जखम भरत नाही आणि फ्यूजनची हाडं जुळत नाहीत. “मी बिडी ओढत नाही, फक्त मशेरी लावते” असं सांगणाऱ्या आजींना मी हात जोडून सांगते, ऑपरेशनच्या आधीपासून तीन महिने तीही बंद ठेवा.

ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस पाय छातीपेक्षा उंच. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवला तर तो उंच होत नाही. आडवं पडून खाली दोन-तीन उशा लागतात. टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात. त्या पायावर सहा ते आठ आठवडे वजन टाकायचं नाही, अजिबात नाही, रात्री बाथरूमला जातानाही नाही. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. चौथ्या आठवड्यात दुखणं थांबतं, पाय आपला वाटायला लागतो, आणि माणूस दोन पावलं टाकून बघतो. स्क्रू तेवढा जोर सोसायला बनवलेलेच नसतात, ते वाकतात किंवा तुटतात.

म्हणून तयारी ऑपरेशनच्या आधी करा. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, कारण एका पायावर उकिडवं बसता येत नाही. वॉकरने एका पायावर उडी मारत चालायचा सराव आदल्या दिवशीच करून घ्या. ऑपरेशननंतर, भूल उतरताना शिकायला गेलं तर पडायला होतं. बाथरूममध्ये प्लास्टिकची मजबूत खुर्ची. वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिना बसून, मागे सरकत उतरता येतो, लाज वाटू देऊ नका. इतके दिवस पाय हलत नाही म्हणून पोटरीतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. डॉक्टर त्यासाठी गोळ्या किंवा पोटावरची इंजेक्शनं देतात, ती चुकवू नका. पोटरी एकदम दुखून सुजली किंवा दम लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा.

खर्चाचा भार इम्प्लांट आणि हॉस्पिटलच्या दिवसांवर ठरतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे चौकशी करा, आणि ती दाखल होण्याआधी करा.

वजन टाकायला परवानगी मिळाली की माझं काम सुरू होतं. सुरुवात चालण्याने होत नाही. वजनकाटा घेते, दुखऱ्या पायाने त्यावर दाबायला सांगते, दहा किलो, मग पंधरा, असं आठवड्याआठवड्याने वाढवत नेते. शब्दांत “थोडं वजन टाका” म्हटलं तर कुणी काहीच टाकत नाही आणि कुणी सगळंच टाकतं. काट्यावर आकडा दिसतो. पोटरी बारीक झालेली असते, घोटा आखडलेला असतो, अंगठा वर उचलला जात नाही. हे सगळं परत मिळवायला दहा-बारा आठवड्यांपर्यंतचा बूट, नंतर तळव्याच्या कमानीला आधार देणारा इनसोल आणि न वाकणाऱ्या तळाचे बूट लागतात. घरातही अनवाणी नको आणि मऊ, गुंडाळली जाणारी स्लीपर तर नकोच. मांडी घालून बसणं बहुतेकांना जमायला लागतं. चवड्यांवर उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी येतं, फ्यूजन झालेल्यांना ते थोडं अवघडच राहतं.

कामावर कधी जाता येईल हा प्रश्न कामावर अवलंबून आहे. टेबलावर बसून काम असेल तर दोन-तीन महिने. शेतात, बांधकामावर, दुकानात दिवसभर उभं राहायचं असेल तर सहा महिने धरून चला. खेळाडूंना नऊ महिने ते वर्ष. गिअरची बाइक चालवणाऱ्यांना एक अडचण कुणी आधी सांगत नाही: बऱ्याच बाइकवर गिअर बदलताना लिव्हर डाव्या पावलाच्या वरच्या बाजूने उचलावी लागते, आणि चिरा व प्लेट नेमकी तिथेच असते. डावा पाय असेल तर काही महिने बिनगिअरची गाडी बरी. संध्याकाळी येणारी सूज वर्षभरही राहू शकते, तेवढ्याने काही बिघडलं असं समजू नका.

स्क्रू आणि प्लेटा काढायच्या की ठेवायच्या, हे सर्जन चार-सहा महिन्यांनी ठरवतात. फ्यूजनचे सहसा ठेवतात. सांध्यातून गेलेले स्क्रू काही जण काढतात, काही जण त्रास होत असेल तरच. सांधा हलायला लागल्यावर आत स्क्रू तुटला, तर घाबरून जाऊ नका. तोपर्यंत बंध भरून आले असतील तर बऱ्याचदा तुकडा तसाच राहू देतात. आणि काही वर्षांनी तिथे संधिवात होऊन चालणं दुखरं झालं, तर तेव्हाही फ्यूजन करता येतं. त्याआधी इनसोल, कडक तळाचे बूट, वजन कमी करणं आणि सांध्यातलं इंजेक्शन, या क्रमाने जातात. दुखतंय म्हणून चालणंच सोडून घरी बसलेला माणूस माझ्याकडे आला तर मी आधी त्याचा उभ्याने काढलेला एक्स-रे मागते.